मिरजेची एक बाही

दोनशे सदतीस, दोनशे अडतीस... आणि फोन वाजला. मिरजेहून आई.

"अगं, टीव्हीवर दाखवतायत, तुमच्याकडे लाव्हा आलाय म्हणे. सामानबिमान बांधून ठेवलंयस ना?"

"आई, टाके मोजत होते. आता परत पहिल्यापासून."

आम्ही राहतो आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये. ज्वालामुखी आहे तो रेक्यानेस द्वीपकल्पावर, ग्रिंडाविक गावाजवळ, इथून पन्नासेक किलोमीटरवर. मार्च २०२१मध्ये त्या भागात साधारण आठशे वर्षांनी पहिला उद्रेक झाला आणि १० नोव्हेंबर २०२३च्या रात्री अख्खं ग्रिंडाविक रिकामं करावं लागलं. त्या गावच्या लोकांचं दुःख मोठं आहे, त्याची चेष्टा नाही. पण आमच्या घरात त्या दिवशी संकट होतं ते दोनशे एकोणचाळीस टाक्यांचं. असायला हवे होते दोनशे चाळीस. नवऱ्याच्या स्वेटरच्या गळ्यावरच्या नक्षीचं एकेक फूल बारा टाक्यांचं, वीस फुलं. एक टाका कुठेतरी गळला होता आणि तो सापडेपर्यंत लाव्हाने थांबावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

तिकडून सगळे विचारतात ते ज्वालामुखीबद्दल, नाहीतर उत्तरेच्या प्रकाशाबद्दल. दिवसभर मी काय करते हे कुणीच विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते. सकाळी एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथे दुपारी पोरांना बाबागाडीत घालून झोपवतात ते उघड्यावर, थंडीत, आणि पोरं गाढ झोपतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन गाड्या आत ओढून आणल्या होत्या आणि सगळ्यांनी मिळून मला समजावलं होतं. दुपारनंतर विणकाम, मागच्या अंगणातले चार वाफे आणि एक बोका. बोका माझा नाही. त्याचं पुढे येईल.

विणायला मी शिकले मिरजेत, शेजारच्या काकूंकडे, बाळंतविड्याच्या निमित्ताने. घराण्यात कुणाला दिवस गेले की काकू लोकर आणायच्या आणि टोपडं, मोजे, झबलं असं चार महिने चालायचं. सुलट-उलट, सुलट-उलट. बाळ मे महिन्यात जन्मलं तरी लोकरीचं टोपडं हे हवंच. मला त्यातलं फक्त टाके घालणं आणि बंद करणं आवडायचं, मधलं सगळं कंटाळवाणं.

इथे आल्यावर पाहिलं तर बसमध्ये विणतायत, मीटिंगमध्ये विणतायत, पोहण्याच्या तलावापाशी पोरांची वाट बघत विणतायत. बालवाडीच्या बैठकीत आमच्या मुख्य बाईंच्या हातातही सुया असतात आणि त्यांचं लक्ष नसतं असं एकदाही झालेलं नाही. सोळाव्या शतकाच्या आसपास विणकाम या बेटावर पोचलं आणि मग शेकडो वर्षं मोजे-हातमोजे विणून बाहेर विकणं हा घरोघरचा धंदा होता. बायका, पुरुष, पोरं, सगळे विणायचे.

वरच्या मजल्यावर आमची घरमालकीण राहते, वय ब्याऐंशी. या देशात आडनावाने कुणी कुणाला हाक मारत नाही, राष्ट्राध्यक्षांनासुद्धा पहिल्याच नावाने. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. मग एके दिवशी तिची नातवंडं आली आणि जिन्यातून ओरडली, "अम्मा!" आइसलँडिक भाषेत आजीला अम्माच म्हणतात. माझा प्रश्न सुटला.

अम्माने माझं विणणं पहिल्यांदा पाहिलं आणि पोट धरून हसली. मी लोकर उजव्या हातात धरते, आपल्याकडे बहुतेकजणी धरतात तशी, आणि दर टाक्याला सुईवरून फेकते. इथे लोकर डाव्या हाताच्या तर्जनीवर असते आणि सुई ती नुसती टोचून उचलते. "तू विणतेस की मासे धरतेस?" असं विचारलं तिने. महिनाभर मी डाव्या हाताने प्रयत्न केला, टाके सैल पडायला लागले, तेव्हा तिनेच सांगितलं, तुझं तू फेक.

पण एका गोष्टीत मी तिला गार केलं. इथल्या मेंढीच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात. वरचे लांब, पाणी निथळवणारे केस म्हणजे 'तोग' आणि आतली मऊ, ऊबदार लव म्हणजे 'थेल'. दोन्ही एकत्र करून 'लोपी' नावाची लोकर होते. त्यातला एक प्रकार तर कातलेलाच नसतो. नुसता पेळू असतो, भाकरीएवढ्या चकतीत गुंडाळलेला. जरा जोराने ओढला की तुटतो. तुटला की गाठ मारायची नाही. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवायची, थुंकी लावायची आणि तळहातांवर चोळायची, की तंतू एकमेकांत अडकून सलग होतात. अम्माने सरळ जिभेवर बोट फिरवलं आणि चोळलं. माझ्या अंगावर काटा आला. उष्टं! तो स्वेटर उद्या कुणीतरी घालणार!

मी आत जाऊन वाटीभर पाणी आणलं, बोटं बुडवली, टोकं तळहातावर घेतली आणि वरच्या हाताने एकदाच पुढे सरकवलं. झालं. जोड कुठे आहे ते तिला सापडेना. परत करून दाखव म्हणाली. मी परत केलं. यात माझं कौतुक काहीच नाही, ही वाती वळण्याची सवय आहे. आमची आजी चातुर्मासात लाखवात करायची तेव्हा हजारो वाती आम्ही पोरींनी वळल्या आहेत. अम्माला वात म्हणजे काय हे समजावताना माझी भाषा संपली, तेव्हा मी देवापुढचं निरांजनच तिच्यासमोर आणून ठेवलं. ती आता वाटी घेते. कधीकधी.

इथल्या त्या प्रसिद्ध स्वेटरला 'लोपापेय्सा' म्हणतात. गळ्याभोवती गोल नक्षी असते ना, तोच. फार पुराणा नाही, विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ झालेला आहे. शिवण जवळजवळ नसते. अंग गोल सुईवर नळीसारखं विणायचं, दोन बाह्या वेगळ्या विणायच्या, मग तिन्ही नळ्या एका सुईवर घ्यायच्या आणि टाके कमी करत करत गळ्यापर्यंत जायचं. शेवटी काखेत दोन भोकं राहतात, तेवढी शिवायची. हल्ग्रिम्सकिर्क्या चर्चकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर हातविणकाम करणाऱ्यांच्या संघाचं दुकान आहे. १९७७मध्ये हा संघ स्थापन झाला. बायका घरी विणलेले स्वेटर तिथे विकायला देतात.

तर २०२०मध्ये या स्वेटरच्या नावाला इथे कायदेशीर संरक्षण मिळालं, आपल्या पैठणीला आहे तसं. 'इस्लेन्स्क लोपापेय्सा' म्हणायचं तर लोकर इथल्या मेंढीची हवी, गळ्याची नक्षी गोल हवी, हाताने विणलेला हवा आणि विणकाम आइसलँडमध्येच झालेलं हवं. विणणारी कुठली असावी याबद्दल काही अट नाही. म्हणजे मिरजेची बाई रेक्याविकमध्ये बसून विणत असेल तर माल अस्सल.

घोटाळा इथेच झाला. एप्रिलमध्ये मी मिरजेला गेले तेव्हा नवऱ्याच्या स्वेटरची डावी बाही झाली होती, उजवी राहिली होती. ती घेऊन गेले. एप्रिलमधली मिरज, पंखा पाचावर, मांडीवर लोकर. घामाने हात चिकट, लोपी बोटांना धरून बसते, टाका पुढे सरकत नाही. आई म्हणाली, "कुणाला भाजून काढायला विणतेयस?" बाबांनी बाही हातात घालून पाहिली आणि दहा सेकंदांत काढली. चावते म्हणाले. लोपी चावतेच. इथले लोक आत सुती सदरा घालतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.

परत आल्यावर अम्मासमोर दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, सुई तीच. पण मिरजेची बाही बोटभर आखूड. घामाने टाके आवळले गेले होते. अम्माने चष्मा लावला, दोन्ही ताणून पाहिल्या आणि निकाल दिला, की एक बाही भारतात झाली, सबब हा स्वेटर लोपापेय्सा नाही. उसवायची का, विचारलं. तिने खांदे उडवले.

मी उसवली नाही. मनगटाला चार ओळी वाढवल्या. नवऱ्याला अजून पत्ता नाही. तो भू-औष्णिक ऊर्जेच्या कामावर आहे, दिवसभर जमिनीखालची मापं घेतो, अंगावरची नाही.

आता वाफ्यांचं. इथे उन्हाळ्याचा पहिला दिवस एप्रिलमध्येच असतो, १९ ते २५ तारखांच्या मधला गुरुवार. त्याची सुट्टी असते, मिरवणूक असते आणि बऱ्याचदा बर्फही असतो. बटाटे लावायचे ते मे संपत आल्यावर. अम्माची जात 'गुत्लॉय्गा', म्हणजे सोनेरी डोळा. छोटा, पिवळसर बटाटा, उकडला की साल बोटाने निघते. त्याची जिरं-मिरचीची भाजी केली तर अम्मा तीन वेळा वाढून घेते आणि तिखट आहे म्हणून कुरकुरते. कोपऱ्यात ऱ्हुबार्बचं झुडूप आहे, तिच्या सासूच्या वेळचं. पानं विषारी, देठ करकरीत आंबट. सगळे त्याचा मुरंबा करतात. मी मेथांबा करते, कैरी समजून. गूळ, मेथी, हिंग, तिखट. आमटीतसुद्धा आमसुलाऐवजी दोन तुकडे टाकते. कैरीची चव नाही म्हणणाऱ्यांनी इथे चार हिवाळे काढावेत आणि मग बोलावं.

कोथिंबिरीने मात्र रडवलं. जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तिनाला परत वर येतो. मधल्या वेळातही अंधार असा होतच नाही. मला वाटलं एवढा उजेड, कोथिंबीर नुसती माजेल. माजली, पण फुलांनी. मोठा दिवस दिसला की तिला वाटतं संसार आटपायची वेळ आली, चार पानं धरते न धरते तोच तुरा काढते. गच्च जुडी हवी तर संध्याकाळी सातला कुंडीवर खोका उपडा घालून तिची रात्र करावी लागते. रोज सातला मी कोथिंबीर झोपवते. मेथी चांगली येते. कढीपत्ता हॉलच्या खिडकीत, खाली गरम पाण्याचा रेडिएटर. तो जगलाय, वाढलेला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असतो.

इथे एक शब्द आहे, 'ग्लुगावेदुर', खिडकीतलं हवामान. आतून पाहिलं तर लख्ख ऊन, बाहेर पाय ठेवला तर वारा कानशिलात मारतो. पहिल्या वर्षी मी या हवामानाला फसून टोमॅटोची रोपं बाहेर ठेवली. ती नंतर शेजारच्यांच्या अंगणात सापडली.

शेजारच्यांच्याच अंगणातून येतो तो बोका, ब्रांदुर. पट्टेरी बोक्यांचं हे इथलं अगदी सरधोपट नाव, आपल्याकडच्या मनीसारखं. रेक्याविक हे मांजरांचं शहर आहे आणि त्याला कारण आहे. १९२४पासून १९८४पर्यंत इथे कुत्रा पाळायला बंदी होती. साठ वर्षं रस्ता मांजरांचा. ती दुकानात जातात, पुस्तकांवर झोपतात, कुणी हाकलत नाही. ब्रांदुर आमच्या खिडकीतून आत येतो आणि त्या भाकरीएवढ्या लोपीच्या चकतीवर चुंबळीवर घागर बसावी तसा बसतो. 'शुक शुक' केलं तर ढिम्म. इथे मांजराला 'किस किस' म्हणून बोलवतात. मी ते मिरजेच्या रस्त्यावर चुकून म्हटलं होतं आणि आई मला घरी घेऊन आली.

जूनमध्ये पाखरांची पिल्लं उडायला शिकत असतात आणि ब्रांदुरची नजर वाईट. म्हणून मांजरांना रात्री घरात ठेवतात, नाहीतर गळ्यात भडक रंगाची झालर बांधतात, पाखरांना लांबून दिसावी अशी. त्याच्या मालकिणीने आणलेली नारिंगी झालर त्याने फाडली. माझ्याकडे खणाच्या चोळीचा तुकडा होता, लालभडक, हिरव्या काठाचा. त्याची चुण्या घालून झालर शिवली, आत इलॅस्टिक. पहिले दोन दिवस त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला निघाल्यासारखा गल्लीतून चालत गेला. वरच्या फांदीवरची पाखरं त्याला बघून एवढी ओरडली, की अम्मा खिडकी उघडून हसत उभी राहिली.

डिसेंबरात चौकात एक प्रचंड काळं मांजर उभं करतात, अंगभर दिवे लावलेलं. नाताळाआधी लोकरीचं काम उरकून ज्याला नवं कापड मिळालं नाही त्याला ते खातं, अशी इथली जुनी धमकी आहे. अम्मा मला ती ऑगस्टपासूनच देते.

तो गळलेला टाका सापडला, तिसऱ्या फुलाच्या मागे, क्रोशाच्या सुईने वर ओढून घेतला. गळा काल बंद केला. स्वेटर धुऊन टॉवेलवर पसरलाय, दोन्ही बाह्या ओढून एका मापाच्या केल्यात. काखेतली भोकं शिवायची राहिली आहेत. ब्रांदुर मिरजेच्या बाहीवर आडवा झालाय, ओल्याचंही त्याला काही नाही, आणि काखेतून पंजा बाहेर काढून माझी सुई ओढतोय.