कमोडिटी डायरी, महिना 7 वा: गॅसला रामराम

आधी हिशोब, मग रडगाणं. भांडवल 3 लाख. एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त 1 टक्का म्हणजे 3,000 घालवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून वहीत आहे, फक्त वहीतच होता एवढंच. एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवरच्या नॅचरल गॅस मिनी या छोट्या वायद्याचं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, परवडतंय ना मग चला, असं सहा महिने चाललं आणि स्टॉप (तोटा थांबवून बाहेर पडायचा भाव) आपला 5 रुपयांवर, लॉट (एका सौद्याचं ठरलेलं माप) 250 एमएमबीटीयूचा, हे गॅस मोजायचं एकक, म्हणजे गेले तर 1,250, कागदावर एकदम मस्त. पण गॅस दिवसाला 12-12 रुपये हलत होता हो, त्यात 5 चा स्टॉप टिकणार कसा? स्टॉप उडायचा, भाव माझ्याच बाजूला पळायचा, मी परत घुसायचो. एका गुरुवारी (अमेरिकेचा गॅस साठ्याचा आकडा येतो, उन्हाळ्यात रात्री 8 ला, एरवी 9 ला) एकाच ट्रेडमध्ये परत परत घुसून चार वेळा उडालो, 5,000 गेले. नियम 3,000 चा!

मग बसलो एकदाचा. 14 दिवसांचा एटीआर (भाव दिवसाला सरासरी किती हलतो तो आकडा) गुणिले लॉट, त्याच्या दुप्पट स्टॉप, तो 3,000 च्या आत बसला तरच ते मार्केट माझं. गॅस मिनी 12 गुणिले 250, दुप्पट 6,000, बाद. झिंक मिनी दिसायला गरीब, पण लॉट 1 टनाचा, किलोला अडीच रुपये हलला की 2,500, दुप्पट 5,000, तोही बाद. चांदी मायक्रो नुसती 1 किलोची, तरी चांदीचा एटीआर एवढा फुगलाय की बसत नाही. उरलं काय तर क्रूड मिनी, 10 बॅरल, एटीआर 130 च्या आसपास म्हणजे दुप्पट धरून 2,600, एक लॉट बसतो. आणि गोल्ड पेटल, 1 ग्रॅमचं, त्यात एटीआर वाढला की लॉट कमी करता येतात हीच खरी मजा, सध्या 10 घेतो. त्यात डिलिव्हरी सक्तीची असल्याने टेंडर पिरियडच्या (डिलिव्हरीची प्रक्रिया सुरू होते ते शेवटचे दिवस) आधीच रोल, म्हणजे सौदा पुढच्या महिन्यात सरकवायचा.

घरचे म्हणतात सांगलीचा असून हळद का नाही. अहो एनसीडीईएक्सवर (शेतमालाच्या वायद्यांचं एक्स्चेंज) हळदीचा लॉट 5 टनांचा, क्विंटलला 100 रुपये हलले की 5,000, आणि संध्याकाळी 5 ला मार्केट बंद, तेव्हा मी ऑफिसात. यार्डातला भाव शेजारच्या काकांकडून रोज कळतो पण त्याने काय होतंय.

क्रूडमध्ये एक नियम वेगळा, एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे वायदा संपायच्या दिवसापर्यंत, बसायचं नाही. 20 एप्रिल 2020 आठवा. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स 5 ला बंद झालं तेव्हा भाव बॅरलला 965 रुपये, रात्री अमेरिकेत तेल उणे 37.63 डॉलरवर गेलं आणि इकडे सेटलमेंट, म्हणजे अखेरचा हिशोब, उणे 2,884 ला. मोठ्या लॉटला, 100 बॅरलच्या, 3,84,900 रुपयांचा फटका. माझं अख्खं भांडवल आणि वर उधारी. स्टॉप लावून तरी काय करणार होतात, मार्केटच बंद.

या महिन्यात 9 ट्रेड, 4 बरोबर, खर्च जाऊन 2,150 प्लस. एकदाही 3,000 च्या वर गेलो नाही, हे पहिल्यांदाच. काल रात्री गॅस परत 15 रुपये पळाला. मी फक्त चार्ट बघितला. दोन तास बघितला.