पंतप्रधान आयसीयूत असताना ब्रिटन कसं वागलं

रविवार, ५ एप्रिल २०२०. भारतात रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लावले गेले, तेव्हा ब्रिटनमध्ये दुपारचे साडेचार वाजले होते. इथे रात्री आठला राणी एलिझाबेथचं टीव्हीवर भाषण झालं आणि साधारण तासाभरात बातमी आली की पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना तपासण्यांसाठी रुग्णालयात नेलंय. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती, त्यामुळे तिकडे सकाळी चहाबरोबर बातमी पोहोचली आणि इथल्या मराठी घरांतले फोन वाजायला लागले. "तुमच्या पंतप्रधानाचं काय ऐकतोय?" या प्रश्नामागे खरा प्रश्न दुसराच असायचा: त्यालाच धड उपचार मिळत नसतील, तर तुमचं काय?

त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. ३ मार्चच्या पत्रकार परिषदेत जॉन्सन यांनी सांगितलं होतं की आपण एका रुग्णालयात गेलो, तिथे कोरोनाचे काही रुग्ण होते आणि आपण सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. २३ मार्चला त्यांनीच लॉकडाउन जाहीर केला. २७ मार्चला त्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याच दिवशी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांचीही आली, आणि इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी लक्षणं दिसली म्हणून घरी बसले. तेव्हाचा नियम असा होता: लक्षणं असतील त्याने सात दिवस घरात, घरातल्या बाकीच्यांनी चौदा दिवस, सातव्या दिवशीही ताप असेल तर तो उतरेपर्यंत घरातच. जॉन्सन यांचा आठवडा ३ एप्रिलला भरला, पण ताप होता. दोन दिवसांनी रुग्णालय. ज्यांनी हा आजार जवळून पाहिलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. पहिला आठवडा तापाचा आणि खोकल्याचा, बरं वाटतंय असं वाटतं तोच दुसऱ्या आठवड्यात श्वास लागायला लागतो.

ज्या रुग्णालयात नेलं ते सेंट थॉमस. संसदेच्या अगदी समोर, थेम्सच्या पलीकडच्या काठावर. वेस्टमिन्स्टर पूल ओलांडला की आलंच. हे सरकारी रुग्णालय आहे, एनएचएसचं, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं. भारतातून विचारणाऱ्यांना याचंच जास्त नवल वाटायचं. देशाचा पंतप्रधान सरकारी दवाखान्यात? पण इथल्या खाजगी रुग्णालयांचा धंदा मुख्यतः ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांचा. गंभीर आजारी माणूस शेवटी एनएचएसकडेच येतो. त्यातून २१ मार्चलाच एनएचएसने खाजगी रुग्णालयांशी करार करून त्यांच्या सुमारे ८,००० खाटा आपल्याकडे घेतल्या होत्या. इतरांसाठी वाट ठरलेली होती: डॉक्टरांकडे परस्पर जायचं नाही, आधी १११ या आरोग्यसल्ल्याच्या क्रमांकावर फोन किंवा त्यांचं संकेतस्थळ, श्वासच घेता येत नसेल तर रुग्णवाहिकेसाठी ९९९.

सोमवारी, ६ एप्रिलला दुपारपर्यंत 'उत्साहात आहेत, काम पाहताहेत' असाच सूर होता. खुद्द जॉन्सन यांच्या खात्यावरून तसं ट्वीटही आलं. संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं आणि त्यानंतर तासाभरात देशाला कळलं. लोक हादरले ते या बातमीने. त्याचं एक नेमकं कारण होतं. दोनच दिवस आधी ब्रिटनमधल्या अतिदक्षता विभागांची मोठी आकडेवारी वर्तमानपत्रांत आली होती. ज्या कोरोना रुग्णांचा निकाल लागला होता, म्हणजे जे एकतर बाहेर पडले होते किंवा दगावले होते, त्यांतले जवळपास निम्मे दगावलेले होते. पंचावन्न वर्षांचा, वजनाने भारी पुरुष आयसीयूत गेला म्हणजे काय, हे लोकांना त्या एका आकड्यावरून कळत होतं.

मग सुरू झालं निवेदनांचं वाचन. जयललिता २०१६मध्ये पंचाहत्तर दिवस अपोलोत होत्या तेव्हा रुग्णालयाच्या पत्रकातला शब्द न् शब्द लोक कसे तपासायचे, ते आठवत असेल. इथेही तेच झालं. फरक इतकाच की रुग्णालय गप्प होतं आणि बोलत होतं ते दहा डाउनिंग स्ट्रीट, म्हणजे पंतप्रधानांचं स्वतःचं कार्यालय. रुग्णाची माहिती फोडायची नाही हा नियम पंतप्रधानालाही लागू, त्यामुळे डॉक्टर कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत. राजकीय कार्यालयाने दिलेली वैद्यकीय माहिती लोक अर्ध्याच विश्वासाने घेतात, ब्रिटनमध्येसुद्धा.

त्या निवेदनांत पाहायचं होतं ते प्राणवायू कसा दिला जातोय हे. पहिली पायरी नाकातली बारीक नळी किंवा साधा मास्क, मिनिटाला काही लिटर. ते पुरलं नाही तर पिशवीवाला मास्क, मिनिटाला पंधरा लिटरपर्यंत. त्यावरची पायरी सीपॅप: तोंडावर घट्ट बसणारा मास्क, आणि त्यातून दाबाने येणारी हवा, जेणेकरून फुप्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत. माणूस शुद्धीवर असतो, पण तास न् तास तो मास्क सोसणं कठीण. शेवटची पायरी व्हेंटिलेटर. त्यात भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालतात, आणि तिथून पुढे माणूस काही दिवस ना बोलू शकतो ना निर्णय घेऊ शकतो. ७ एप्रिलचं निवेदन असं होतं: प्रकृती स्थिर, नेहमीच्या पद्धतीने प्राणवायू, बाकी कुठल्याही मदतीशिवाय श्वास, व्हेंटिलेटर नाही. म्हणजे खालच्या दोन पायऱ्यांपैकी एक. मग आयसीयू कशाला? तर गरज पडलीच तर नळी घालायला माणसं आणि यंत्र हाताशी असावं म्हणून. वॉर्डातून धावपळ करत नेताना गेलेली मिनिटं महागात पडतात. स्टेरॉइडचा उपयोग होतो हे त्या वेळी सिद्ध व्हायचं होतं, डेक्सामेथासोनचे निष्कर्ष १६ जूनला आले. एप्रिलमध्ये उपचार म्हणजे प्राणवायू, बारीक लक्ष आणि वाट पाहणं.

निवेदनं खोटी नव्हती, अपुरी होती. मे महिन्याच्या सुरुवातीला जॉन्सन यांनीच मुलाखतीत सांगितलं की लिटरवर लिटर प्राणवायू द्यावा लागला, एका टप्प्यावर नळी घालायची की नाही हे पन्नास-पन्नास होतं, आणि आपण गेलो तर काय करायचं याचीही डॉक्टरांनी तयारी केली होती. मधल्या काळात एका रशियन वृत्तसंस्थेने ते व्हेंटिलेटरवर जाणार असल्याची बातमी सोडली होती आणि डाउनिंग स्ट्रीटने ती अफवा म्हणून उडवून लावली होती. भारतातल्या व्हॉट्सॅप गटांवर तर ते त्या आठवड्यात एकदा नव्हे, अनेकदा 'गेले'. घरच्यांना सांगायची सोपी खूण होती: बीबीसीने नेहमीचा कार्यक्रम थांबवला नसेल तर काही झालेलं नाही.

कारभार कोण पाहणार, हा दुसरा गोंधळ. इथे लिखित राज्यघटना नाही आणि उपपंतप्रधान हे पद असलंच पाहिजे असंही नाही. परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब 'गरज असेल तिथे' पंतप्रधानांच्या जागी काम पाहतील, असं सांगण्यात आलं, कारण ते फर्स्ट सेक्रेटरी ऑफ स्टेटही होते. अण्वस्त्रांचा निर्णय कोण घेणार, या प्रश्नावर मंत्र्यांनी सरळ उत्तर द्यायचं टाळलं. दुसऱ्याच दिवशी मंत्री मायकेल गोव्ह घरातल्या कुणाला लक्षणं दिसली म्हणून विलगीकरणात गेले.

रस्त्यावर काय दिसत होतं? जवळपास काही नाही. रुग्णालयाबाहेर पोलीस, कॅमेरे, बातमीदार. कार्यकर्त्यांची गर्दी नाही, महाआरती नाही, बसवर दगड नाही. याचं श्रेय ब्रिटिश संयमाला देण्याआधी लक्षात घ्यावं की सबळ कारणाशिवाय घराबाहेर पडायलाच बंदी होती आणि इंग्लंडमध्ये पहिल्या चुकीला ६० पौंड दंड होता, चौदा दिवसांत भरला तर ३०. पण बंदी नसती तरी गर्दी झाली नसती असं आमचं मत. नेत्यासाठी रुग्णालयाबाहेर उभं राहणं ही इथली रीतच नाही.

रीत काय आहे, ते टाळ्यांवरून दिसलं. २६ मार्चपासून दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात, खिडकीत, बाल्कनीत येऊन एनएचएसच्या कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. मुलं पळ्या-पातेली घेऊन यायची, म्हणजे आपल्या जनता कर्फ्यूच्या थाळ्यांचाच भाऊ. २ एप्रिलला आजारी जॉन्सन स्वतः दारात येऊन टाळ्या वाजवून गेले होते. ते आयसीयूत गेल्यावर, मंगळवार ७ तारखेला रात्री आठला त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचं आवाहन समाजमाध्यमांवर फिरलं. प्रतिसाद फिका होता. पुढच्या गुरुवारी परिचारिकांसाठी गल्ल्या पुन्हा दणाणल्या. पंतप्रधान बरे व्हावेत असं त्याच लोकांना मनापासून वाटत होतं. फक्त टाळ्या कुणासाठी, हे त्यांनी ठरवलेलं होतं.

बोलण्याच्याही मर्यादा होत्या, आणि ऑफिसच्या चॅटवर नव्याने आलेल्याने त्या समजून घेतलेल्या बऱ्या. विरोधकाचं वाक्य ठरलेलं असायचं: "मी त्याला मत दिलं नाही, पण बरा होऊ दे." यातला 'पण' महत्त्वाचा, दोन्ही बाजू म्हणायलाच हव्यात. (व्हिसावर असलेल्या भारतीयांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून इथे संसदेसाठी मतदान करता येतं, तेव्हा हे वाक्य आपल्याकडच्या मंडळींनीही मोकळेपणी वापरलं.) ४ एप्रिललाच विरोधी मजूर पक्षाचे नेते झालेले कीअर स्टार्मर यांनी सदिच्छा दिल्या. मोदींनीही धीर देणारं ट्वीट केलं. डर्बीशायरमधल्या एका लहान शहराच्या महापौरबाईंनी मात्र 'ते याच लायकीचे आहेत' या अर्थाचं काही लिहिलं आणि त्यांच्याच मजूर पक्षाने त्यांना गटातून बाहेर काढलं. हस्तांदोलनाचा तो प्रसंग सगळ्यांच्या मनात होता. तो त्या आठवड्यात मोठ्याने काढायचा नव्हता, इतकंच.

धोरणावर मात्र बोलणं थांबलं नाही, आणि आमच्या मते त्या आठवड्यातली खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हीच. आजारी माणसाला सवलत मिळाली, सरकारला नाही. राब यांनी 'ते लढवय्ये आहेत, यातून बाहेर येतील' असं म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, बीबीसीच्या न्यूजनाइटवर एमिली मेटलिस यांनी कार्यक्रमाची सुरुवातच त्याला उत्तर देऊन केली: हा आजार मनोधैर्याने बरा होत नाही, आणि तो सगळ्यांना सारखा गाठतो हेही खरं नाही. बसचालक, दुकानातले कामगार, परिचारिका, वृद्धाश्रमांतले सेवक यांना तो आधी गाठतो. त्याच दिवशी पूर्व लंडनमधले एक डॉक्टर कोरोनाने गेले. सर्व कर्मचाऱ्यांना संरक्षक साहित्य द्या, असं जाहीर पत्र त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी जॉन्सन यांनाच लिहिलं होतं. आजाराने गेलेले पहिले दहा डॉक्टर सगळे अल्पसंख्य वंशांचे होते. डॉक्टरांच्या संघटनेचे, बीएमएचे, अध्यक्ष चाँद नागपॉल यांनी चौकशी मागितली आणि त्याच महिन्यात सरकारला ती जाहीर करावी लागली. चाचण्यांवरूनही धुसफूस होती. १२ मार्चपासून बाहेरच्या सामान्य रुग्णांच्या चाचण्या बंद होत्या, परिचारिकांनाही सहज मिळत नव्हत्या. मंत्र्यांना बऱ्या मिळतात, असं लोक म्हणत.

रोजचा आकडाही विसरू देत नव्हता. ७ एप्रिलला रुग्णालयांतले ७८६ मृत्यू, ८ला ९३८, १०ला ९८०. वृद्धाश्रमांतले यात धरलेलेच नव्हते. ते रोजच्या आकड्यात महिनाअखेरीस आले. ९ तारखेला जॉन्सन आयसीयूतून वॉर्डात आले, १२ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, घरी सोडलं. त्याच दिवशी रुग्णालयांतल्या मृत्यूंनी दहा हजारांचा टप्पा ओलांडला. सुटल्यावरच्या ध्वनिचित्रफितीत त्यांनी एनएचएसने आपला जीव वाचवला असं सांगितलं आणि रात्रभर उशाशी उभ्या राहिलेल्या दोन परिचारकांची नावं घेतली. एक न्यूझीलंडची, एक पोर्तुगालचा.

सहानुभूती महिनाभर टिकली. २२ मेला बातमी फुटली की त्यांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाउनमध्ये लंडनहून उत्तरेकडच्या डरहॅमला गेले होते. १२ एप्रिलला, जॉन्सन सुटले त्याच दिवशी, कमिंग्ज तिथून बार्नार्ड कॅसल या गावी गाडीने जाऊन आले होते. लोकांचा संताप मग आवरला नाही.

आपल्यासारख्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही बातमी फुटण्याच्या दोन दिवस आधी घडली होती. परदेशातून व्हिसावर येणाऱ्याला एनएचएससाठी वेगळा अधिभार भरावा लागतो. तेव्हा तो माणशी वर्षाला ४०० पौंड होता आणि पूर्ण मुदतीचा आगाऊ. चौघांच्या कुटुंबाला तीन वर्षांच्या व्हिसासाठी ४,८०० पौंड, शिवाय पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स वेगळा. हा अधिभार एनएचएसमधले परदेशी डॉक्टर आणि परिचारिकाही भरत. २० मेला संसदेत स्टार्मर यांनी जॉन्सन यांना त्यावरून धरलं. परदेशातून आलेल्यांनीच माझा जीव वाचवला हे मान्य करूनही जॉन्सन यांनी अधिभाराचं समर्थन केलं. दुसऱ्याच दिवशी, स्वपक्षातूनही ओरड झाल्यावर, आरोग्य आणि सेवा क्षेत्रातल्यांना माफी जाहीर झाली. ३१ मार्च २०२०पासून ज्यांनी तो भरला होता त्यांना परतावाही मिळाला. आयटीवाले, विद्यार्थी आणि बाकीचे मात्र भरत राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दर ६२४ पौंड झाला, फेब्रुवारी २०२४पासून १,०३५.