गादीवरून खुर्चीवर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहितो. वीस वर्षे गादीवर मांडी घालून, वहीवर वाकून काम केल्यावर डाव्या पायात कळ येऊ लागली, तेव्हा तेल चोळून मी दिवस काढले. पण पुढे चालताना डाव्या पायातली चप्पल नकळत मागे राहू लागली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबत असल्याचे दिसले. नुसती कळ असती तर थांबलो असतो, कारण बहुतेकांची ती औषध आणि व्यायामाने कमी होते. परंतु अंगठा उचलण्याची ताकद जात असल्याने आता थांबणे बरे नाही, असे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले.

शस्त्रक्रियेनंतर पायातली कळ शुद्धीवर येताच गेली होती आणि दुसऱ्या दिवशी मला चालवले. खरी परीक्षा घरी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण 'पडून राहा' म्हणे, तर डॉक्टरांचे सांगणे नेमके उलट होते: थोडे थोडे पण रोज चालायचे, एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक बसायचे नाही आणि सहा आठवडे वाकणे, कंबर पिळणे, वजन उचलणे वर्ज्य. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांच्या रेट्याने बसते व्हायचे, हे शिकायलाच मला चार दिवस लागले. संडासात कमोडची खुर्ची ठेवावी लागली. तिसऱ्या आठवड्यात पायात पुन्हा मुंग्या आल्या, तेव्हा सारे फुकट गेले असे वाटून रात्रभर झोप लागली नाही. दाबलेली नस सावरताना असे होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. मात्र लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हे पत्नीने कॅलेंडरवर लिहून ठेवले होते.

भीती जखमेपेक्षा उशिरा भरली. टाके निघून दोन महिने झाले तरी खाली पडलेले पेन मी उचलत नसे. फिजिओथेरपिस्टने गुडघे मुडपून, पाठ सरळ ठेवून वाकायला शिकवले आणि पोटापाठीचे व्यायाम लावून दिले, जे मी आजही करतो. संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत फेरी असते.

अंगठा थोडा बधिर आहे, पण चप्पल पायातच राहते. दुकानात मालकांनी टेबल-खुर्ची दिली. लग्नाच्या पंगतीत मात्र खुर्ची मागून घ्यावी लागते आणि ती मागताना मला अजूनही संकोच वाटतो.