‘गॅस’ म्हणण्याआधी: पोटात अचानक उठणारी कळ

मुंबईत पोटदुखीचं निदान घरीच होतं: गॅस. दुपारी वडापाव, रात्री अकराला जेवण, मग ईनो नाहीतर ओवा-हिंग. बहुतेकदा तेवढ्यावर भागतंही. पण एरवी धडधाकट असलेल्या माणसाचं पोट अचानक आणि जोरात दुखू लागलं आणि सहा तासांत थांबलं नाही, तर ते ऑपरेशनचं दुखणं असू शकतं असंच धरून चालायचं, हा सर्जन मंडळींचा जुना नियम. काही दुखणी तर तेवढाही वेळ देत नाहीत.

तपासण्यांच्या आधी दोन प्रश्नांतच बरंच कळतं. पहिला, दुखायला नेमकं कधी लागलं? ‘टीव्हीवर बातम्या चालू होत्या, तेव्हाच’ इतकं नेमकं उत्तर आलं तर कान टवकारायचे. अल्सर (जठरातली किंवा आतड्यातली जखम) फुटणं, तिथेच गर्भ राहिल्याने गर्भनलिका फुटणं, बीजांडाला पीळ पडणं, आतड्याची रक्तवाहिनी बंद होणं, हे सगळं असं क्षणात सुरू होतं. अपेंडिक्स किंवा पित्ताशयाची सूज तासातासाने वाढत जाते.

दुसरा, पेशंट तळमळतोय की निपचित पडलाय? मूतखड्याचा पेशंट एका जागी बसत नाही. कळ कुशीतून जांघेकडे उतरते, तो येरझाऱ्या घालतो. अल्सर फुटलेला माणूस मात्र गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो, कारण श्वास घेतला तरी दुखतं आणि पोट फळीसारखं कडक झालेलं असतं. आरडाओरडा नाही म्हणून घरच्यांना हा दुसरा पेशंट ‘बरा’ वाटतो. खरं तर घाई त्याचीच हवी. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून महिनोन्महिने डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्सर फुटणं जास्त घडतं.

अपेंडिक्सची फसवणूक वेगळी. आधी भूक मरते, मग बेंबीभोवती मोघम दुखतं, त्यानंतर उलटी, आणि बारा ते चोवीस तासांत दुखणं उजवीकडे खाली उतरतं. ‘गॅस सरकला’ असं लोक म्हणतात तो हाच टप्पा. सर्जन तपासताना हात मुद्दाम दुखऱ्या जागेपासून लांब ठेवून सुरुवात करतो, खोकायला सांगतो, आणि त्याची नजर पोटापेक्षा चेहऱ्यावर असते. बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांना जोडणाऱ्या रेषेचे तीन भाग केले, तर हाडाकडून पहिला भाग संपतो तिथे बोट ठेवलं की कपाळाला आठी पडते.

बाळंतपणाच्या वयातल्या प्रत्येक बाईची लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट झालीच पाहिजे. ‘लग्न झालंय का’ हा प्रश्न तिला पर्याय नाही, नसबंदी झालीय हेही ती टाळायचं कारण नाही. पाळी चुकलेली, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, एवढं जुळलं तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. वयात येणाऱ्या मुलाचं ओटीपोट दुखत असेल तर अंडकोषही तपासायचा. पीळ पडला असेल तर हातात साधारण सहा तास असतात आणि मुलं लाजेने सांगत नाहीत.

पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, घाम फुटलाय आणि वय चाळिशीपुढे आहे किंवा डायबिटीस आहे, तर आधी ईसीजी. हृदयाचा झटका ‘ॲसिडिटी’ म्हणून येतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी तो पुन्हा काढावा लागतो, सोबत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी. डायबिटीसवाल्याची शुगर आणि किटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी द्रव्यं) बघायचे. नुसत्या किटोन वाढण्यानेही पोट भयंकर दुखतं.

पावसाळ्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डेंग्यूचा ताप उतरताना पोट जोरात दुखू लागणं ही धोक्याची खूण आहे. आणि दोन-तीन आठवड्यांच्या टायफॉइडनंतर अचानक कळ आली, तर आतड्याला भोक पडलेलं असू शकतं.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे पोट नॉर्मल, असं नाही. पित्ताशय, गर्भाशय, बीजांडं तिच्यात चांगली दिसतात. अपेंडिक्स सहा मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबूनही न चेपणारं दिसलं तर निदान पक्कं होत जातं. ते दिसलंच नाही तर काहीच सिद्ध होत नाही. स्वादुपिंड आतड्यातल्या हवेआड लपतं. तिथे रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं पाचकद्रव्य) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट वाढलेलं सापडणं जास्त कामाचं. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली हवा दिसली तर आतडं किंवा जठर फुटलंय, पण ती दरवेळी दिसत नाही. शंका उरली की सीटी स्कॅन. मूतखड्यासाठी तो बिनकॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध न सोडता काढलेला पुरतो.

निघण्याआधी खाणं-पिणं बंद, जुलाबाचं औषध आणि एनिमा नको. चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने कागद, शेवटचं खाल्लं ती वेळ, पाळीची तारीख सोबत घ्या. रात्री कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये सर्जन आणि सीटी आहे का हे फोनवर विचारा, नाहीतर थेट केईएम, सायन, नायर, जेजे यांपैकी एखादं मोठं सार्वजनिक हॉस्पिटल गाठा. चक्कर येत असेल तर टॅक्सी शोधू नका, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा. हॉस्पिटलात डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिलं तर निदान बिघडेल ही भीती आता जुनी झाली.

कधीकधी सगळं तपासूनही कारण सापडत नाही आणि घरी सोडतात. तेव्हा आठ ते बारा तासांनी पोट पुन्हा कोण तपासणार, हे विचारूनच निघा. त्याआधी ताप, न थांबणारी उलटी, पोट फुगून वारा न सरणं, यांपैकी काहीही झालं तर ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही.