पेज म्हणजे काय जेवाण?

देवगडजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी आठवड्यातून दोन दिवस भूल द्यायला जातो. त्या दिवशी सकाळी 9 ला हर्नियाची केस होती. पेशंट सत्तरीचे आजोबा, जन्म आंब्याच्या बागेत गेलेला.

कवळी? काढून रुमालात बांधलेली. बीपीची गोळी? घेतली. काही खाल्लंत? "काय एक नाय."

मग त्यांची पाळी. "माका जाग येतली मां?" झोपवणारच नाही, कमरेत इंजेक्शन देणार म्हटल्यावर चेहरा आणखीच पडला. "म्हणजे कापताना बघूचा लागतला?" मध्ये पडदा असतो, हात लागलेला कळेल पण दुखणार नाही, असं सांगितलं. भावजयीची कंबर म्हणे सिझेरियनच्या 'त्याच इंजेक्शनान' अजून दुखते. हे मी रोज ऐकतो. सुई शिवणाच्या सुईहून बारीक असते आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतो. ती जागा दोन-चार दिवस ठणकते; वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात. डोकं मात्र क्वचित खरंच दुखतं, तेही सांगून टाकलं. लपवून काय मिळणार?

मग आवाज खाली गेला. "आणि भुलेत मी काय बडबडलंय तर? जमिनीची केस चालू आसा."

मी हसतोय तोच आजी दारातून म्हणाल्या, "गोळयेवांगडा वाईच पेज घेतल्यानी हां."

वाईच म्हणजे उकड्या तांदळाची तांब्याभर, साडेसातला. "अहो आजोबा!" तर म्हणतात, "पेज म्हणजे काय जेवाण?"

कमरेची भूल कधीकधी पुरी पडत नाही, मग पूर्ण झोपवावं लागतं. तेव्हा खोकला-ठसका थांबतो आणि पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरतं. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं; भाताला 6 तास हवेत. केस 2 वाजता ढकलली. सर्जन माझ्याशी दुपारभर बोलले नाहीत. आजोबा ऑपरेशनभर सिस्टरांना हापूसचे भाव सांगत होते. जमिनीबद्दल चकार शब्द नाही.

चूक माझी होती. 'खाल्लंत का' हा प्रश्न इकडे पेजेपर्यंत पोचत नाही. आता मी नाव घेऊन विचारतो: पेज? चाय? शहाळं? गेल्या आठवड्यात एका मावशींनी तिन्हींना 'नाय' म्हणून मान हलवली आणि थोडं थांबून विचारलं, "मिश्री लावलेली चलता मां?"