जिन्यावरचा डबा

मंगळवार, रात्री पावणेबारा

आत्ताच डरहॅमहून आलो. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरीपासून अर्ध्या तासाचा रस्ता, पण सगळा वेळ लेक गप्प होता आणि मीही.

बुल्स, म्हणजे डरहॅमचा बेसबॉल संघ, हरले की जिंकले हे लिहायला बसलेले नाही. एक माणूस डोळ्यांसमोरून हलत नाहीये. नऊ डावांतल्या सहाव्या इनिंगला बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचर (चेंडू टाकणारे) बसतात तिथला, फोन वाजला. तो उठला, जॅकेट काढून ठेवलं आणि चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडे चेंडू टाकायला लागला. आधी उगाच हात मोकळा केल्यासारखं. मग कॅचर उकिडवा बसला तसे जोरात, त्याच्या मिटमध्ये, जाड हातमोज्यात, फाटकन आवाज येईल असे. वीसेक तरी चेंडू टाकले असतील. तेवढ्यात मैदानावरच्या पिचरने दोघांना बाद केलं, इनिंग संपली. याने जॅकेट चढवलं आणि बसला. आठव्या इनिंगला पुन्हा फोन, पुन्हा वीस चेंडू, पुन्हा जॅकेट. सामना संपला. त्याच्या नावापुढे काहीच लागलं नाही, कारण कागदावर तो खेळलाच नाही.

लेक स्वतः शाळेच्या संघात पिचिंग करतो. म्हणाला, "आई, हे चेंडू कुणी मोजत नाही. खांदा मोजतो."

आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबा गिरणीत बदली कामगार होते. म्हणजे कार्ड आहे, पण स्वतःचा साचा नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. आत कुणी खाडा केला असेल तर मुकादम हाक मारणार, नाहीतर घरी परत. आई रोज पहाटे डबा भरून द्यायची, हाक येवो न येवो. आमची खोली तिसऱ्या माळ्यावर. साडेसातच्या सुमारास जिन्यावर बाबांची पावलं वाजली की आई हातातलं काम थांबवून ऐकायची. रिकामा डबा खडखडतो, भरलेला वाजत नाही. सकाळी साडेसातला नुसती पावलंच ऐकू यायची. मी सहा-सात वर्षांची असेन, पण ती शांतता मला अजून ओळखता येते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हाही बाबा बदलीच होते. पुढे ते फाटकच उघडलं नाही.

झोप येत नाहीये.

बुधवार

लेकाला जिम मॉरिसची गोष्ट सांगितली. तो डरहॅमच्याच मैदानावरून वर, म्हणजे मेजर लीग या सगळ्यांत वरच्या पायरीवर गेला, हे लेकाला ठाऊक नव्हतं.

मॉरिस डावखुरा. १९८३ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्स या मेजर लीगच्या संघाने त्याला घेतलं, पण हात सारखा दुखावत राहिला, शस्त्रक्रिया झाल्या आणि वर न पोहोचताच त्याचं खेळणं सुटलं. मग टेक्सासमधल्या बिग लेक या लहानशा गावात शाळेत विज्ञान शिकवायचा आणि पोरांना बेसबॉल. पोरांनीच त्याला अडकवलं. आम्ही जिल्हा जिंकलो तर सर, तुम्ही मोठ्या संघाच्या चाचणीला जायचं. पोरं जिंकली. १९९९ च्या उन्हाळ्यात पस्तिशीतला हा मास्तर टॅम्पा बेच्या, म्हणजे बुल्स ज्यांना खेळाडू पुरवतात त्या मोठ्या संघाच्या, चाचणीला गेला आणि ओळीने बारा चेंडू ताशी ९८ मैलांनी टाकले. आधी ऑरलँडो, मग डरहॅम, आणि १८ सप्टेंबरला अर्लिंग्टनमध्ये, टेक्सासच्याच संघासमोर, मेजर लीगमध्ये. पहिलाच बॅटर रॉइस क्लेटन. चार चेंडूंत स्ट्राइकआउट, म्हणजे बाद.

पुढचं लोक सहसा सांगत नाहीत. दोन मोसम मिळून २१ सामने, १५ इनिंग, एकही विजय नावावर नाही, मे २००० नंतर परत कधी वर नाही. लेकाला ते ऐकून वाईट वाटलं. मला नाही वाटलं. एका इनिंगला तीन बळी, पंधरा इनिंग म्हणजे पंचेचाळीस. ते त्याचे स्वतःचे आहेत, ते कुणी परत मागू शकत नाही. बाबांनी जेवढे दिवस साचा चालवला तेवढे दिवस कापड निघालंच ना.

शुक्रवार

तो गेला! मंगळवारचा तो, जॅकेटवाला. लेकाने शाळेतून आल्या आल्या सांगितलं. टॅम्पातल्या एका पिचरचं कोपर दुखावलं, जागा झाली, याला बोलावलं. आत कुणाचा तरी खाडा झाला.

बुल्स खेळतात ती ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली, पण ती पायरी केवढी उंच आहे ते पगारावरून कळतं. ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलर होता. २०२२ मध्ये मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या सगळ्या पायऱ्यांवरच्या, खेळाडूंनी संघटना केली आणि पुढच्या वर्षीच्या करारात तो ३५,८०० झाला. (हे वाचलं तेव्हा बाबा असायला हवे होते असं फार वाटलं.) वर मात्र २०२५ चा किमान पगार ७,६०,००० डॉलर. म्हणजे वर राहिलेल्या एकेका दिवसाचे चार हजार डॉलर. आणि राहणं आपल्या हातात नाही. एका मोसमात पाच वेळा खाली पाठवता येतं. एकदा पाठवलं की पिचरला पंधरा दिवस खालीच काढावे लागतात, वर कुणी जायबंदी झाला तरच आधी हाक. टॅम्पा बेचे पिचर तर डरहॅमला सारखे येत-जात असतात. भाड्याच्या घरात सामान पूर्ण उघडत तरी असतील का?

त्याची कुणीतरी आज टीव्हीसमोर बसली असेल. आई असेल, बायको असेल. ती काय ऐकत असेल?

शनिवार, रात्री नऊ

टॅम्पाचा सामना लावलाय. सातवी इनिंग. कॅमेरा मध्येच बुलपेनवर गेला तेव्हा तो दिसला, नवा शर्ट, पाठीवर नवा आकडा, बसण्याची तऱ्हा मात्र तीच, पुढे वाकून, कोपरं गुडघ्यांवर. काल त्याला आणलं नाही.

आत्ता तिकडे सकाळ, म्हणून आईला फोन केला. सगळं सांगितलं, डरहॅमचं, जॅकेटचं, जिन्याचं. डब्याचं मला आठवतं याचं तिला नवल वाटलं. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "परत आलेला डबा ते दुपारी तसाच उघडून जेवायचे. मी गरम पोळी करते म्हटलं तरी नको म्हणायचे. म्हणायचे, हा कामावरचा आहे, कामावरच्यासारखाच खाणार."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं.

टीव्हीवर फोन वाजलेला दिसला. तो उठला. जॅकेट काढलं.

"काय झालं गं? गप्प का झालीस?"

"तो उठला, आई. हात मोकळा करतोय."

"हाक मारली?"

"नाही अजून."

"मग फोन ठेव," आई म्हणाली. "बघ तू."