दीड तासाची मासेमारी: यंदाच्या हंगामाची नोंद

यंदाचं धोरण सरळ आहे. घराकडे अख्खा दिवस मागायचा नाही, दीड-दोन तास मागायचे. पण ते माशांच्या सोयीचे हवेत, माझ्या नव्हे. नोकरी, शाळेत जाणारा मुलगा आणि घरातली ज्येष्ठ मंडळी सांभाळून गळ टाकणाऱ्यांना हे गणित उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

आधी खाडीच्या तोंडावरच्या जागेबद्दल. तिथे सगळा खेळ पाण्याच्या हालचालीचा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे आपण सगळेच जाणतो. पण ज्याला ठरावीक वारीच सुट्टी मिळते, त्याने हिशेब आठवड्याचा मांडायला हवा. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर या शनिवारी पहाटे भरती असेल, तर पुढच्या शनिवारी त्याच सुमारास ओहोटी असते. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा भरती, फक्त आधीच्यापेक्षा साधारण चाळीस मिनिटं अलीकडे. म्हणजे एकाआड एक शनिवार धरला, की बरेच पंधरवडे जवळपास तसंच पाणी मिळत राहतं. उधाण (मोठी भरती-ओहोटी) की भांग (लहान भरती-ओहोटी), तेही फारसं बदलत नाही, कारण ते चक्रही पंधरवड्याचंच. आपली पाळी आणि पाण्याची पाळी अशी जुळली, की दर वेळी नव्याने डोकं चालवावं लागत नाही.

आता त्यातला नेमका कोणता तुकडा उचलायचा? खलाशांचा जुना बारा भागांचा ठोकताळा मी इथे वापरते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एक भाग चढतं, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी आत येतं. भरती नऊला असेल, तर पाच ते सातच्या दरम्यान पाणी सगळ्यात जोरात असतं. लहान मासळी त्या ओढीत भरकटते आणि मोठा मासा दगडाच्या आडोशाला टपून बसतो. त्यातच तांबडं फुटायची वेळ साधली, तर आणखी काय हवं! पण जागेजागेचा स्वभाव वेगळा असतो. माझ्या जागेवर वेळापत्रकात भरती पूर्ण झाल्याचं दिसतं, तरी अरुंद तोंडातून पाणी काही वेळ आत येतच राहतं. हे कागदावर कळत नाही, तिथे उभं राहूनच कळतं.

या पहाटा मी तीन-तीन महिने आधी घरच्या सामाईक कॅलेंडरमध्ये टाकून ठेवते. आदल्या रात्री ‘उद्या जाऊ का?’ म्हणून विचारलं, की वाटाघाटी सुरू होतात आणि त्यात दोघांचाही मूड जातो. महिनाभर आधी लिहिलेल्या गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही. नवऱ्याची अट एकच: “साडेआठला म्हणजे साडेआठला, आणि संध्याकाळचे दोन तास माझे.” तो त्या वेळात सायकल घेऊन जातो. व्यवहार चोख. मी परतायची वेळ काटेकोर पाळते, मासे उसळ्या मारत असले तरी. एकदा का ‘शेवटची फेक’ पाऊण तास लांबली, की पुढच्या शनिवारचं काही खरं नाही.

वेळ खरा खातं ते काठावरचं सामान जुळवणं. नमनालाच घडाभर तेल! दीड तासातली वीस मिनिटं गाठी मारण्यात गेली, तर उरलं काय? म्हणून गाठींचं सगळं काम घरी आणलं. ब्रेडला (विणलेली मुख्य दोरी) लीडर (तिच्या टोकाला जोडायचा जाड, न विणलेला दोरीचा तुकडा) जोडायची एफजी नावाची गाठ मी कॅमेरा बंद असलेल्या मीटिंगांमध्ये बसवली. (आवाजही बंद असलेला बरा. गाठ सुटली की तोंडातून काय निघेल सांगता येत नाही.) ब्रेडचं टोक दाराच्या मुठीला बांधायचं, रॉडकडची बाजू ताणून धरायची, आणि लीडर एकदा वरून, एकदा खालून असा ताणलेल्या ब्रेडभोवती फिरवत जायचा. वीसेक वेढे झाले की लाळेने ओलं करून सावकाश ओढायचं. गाठ नीट बसते तेव्हा डोळ्यांना दिसतं: वेढे एकमेकांना घट्ट चिकटतात, ब्रेडचा रंग गडद होतो आणि ती लीडरच्या अंगात रुतते. रंग बदलला नाही, तर खुशाल तोडून पुन्हा बांधा, कारण ती गाठ जोराच्या फेकीत निसटणार. ओढताना ब्रेड बोटाला गुंडाळू नका, सुरीसारखी कापते. लीडरच्या दुसऱ्या टोकाला पालोमार नावाची सोपी गाठ. ती अंधारात चाचपडतही बांधता येते, आणि घाईच्या माणसाला तेच हवं.

रॉड आता कायम जोडलेला, लीडर लावलेला असतो. ड्रॅगही (मासा ओढतो तेव्हा रीलमधून दोरी किती ताणावर सुटेल ते ठरवणारा ब्रेक) घरीच लहान ताणकाट्याने बघून ठेवते, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान. डबीत मोजकी लुअर, म्हणजे खोटी आमिषं: एक पाण्यावरचं, दोन मध्यम खोलीची, बाकी मऊ रबरी आणि जिग (वजनदार डोक्याचे गळ). पूर्वी झोळीभर सामान न्यायचे. काठावर पोहोचल्यावर काय लावू, काय काढू, यातच जीव घुटमळायचा. माझं मत स्पष्ट आहे, पटलं तर घ्या: वेळ कमी असलेल्याने नवीन सामान घ्यायच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक नवीन वस्तू शिकायला वेळ मागते, आणि तोच तर आपल्याकडे नाही.

आमिषाचं बसून टाकणंही याच कारणाने शनिवारपुरतं बंद केलं. त्यात मासा आपल्याकडे यायची वाट बघायची असते. लुअरने आपण त्याला शोधतो. उभं राहायचं आणि डावीकडून उजवीकडे पंख्यासारख्या फेका करायच्या. एका जागेवरून सगळं पाणी चाळून झालं आणि चावा नाही, की पुढचा दगड.

परत आल्यावर रील गोड्या पाण्याने धुणं मात्र टाळता येत नाही. ड्रॅग घट्ट करून हलक्या धारेखाली धरायचा, पुसायचा आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा. जोराच्या फवाऱ्याने खारं पाणी उलट आतच जातं. पाच मिनिटांचं काम आहे, पण चुकवलं तर रील खरखरायला लागतो.

आठवड्यामधल्या संध्याकाळी तळ्यावर जमलं तर जमलं. ऑफिस सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत तासभरच उरतो. तेवढ्यात जागा शोधत हिंडण्यापेक्षा वारा ज्या काठावर आदळत असतो तिथेच उभी राहते. वाऱ्याबरोबर पृष्ठभागावरचं बारीकसारीक खाद्य तिकडे लोटलं जातं आणि लाटांनी हवाही पाण्यात मिसळते. उकाड्याच्या दिवसांत ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वीस अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. दुपारभर तापलेल्या स्थिर पाण्यातला मासा खायला उत्सुक नसतो. वारा पडला असेल, तर मी सरळ घरी जाते.

मुलाला घेऊन जाते त्या फेऱ्या वेगळ्याच. तिथे माझा रॉड गाडीतच राहतो. दोघांनी एकदम टाकायचं म्हटलं, की ना त्याचं होतं ना माझं. त्याच्यासाठी हलका तरंगा, बारा किंवा चौदा नंबरचा बारीक गळ आणि गांडूळ. गळाचा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला: माशाच्या तोंडातून चटकन निघतो आणि बोटात घुसला तरी रडारड कमी. लहान मासा टोचत असतो तेव्हा तरंगा नुसता थरथरतो, आणि मुलगा लगेच रॉड उचलतो. “थांब, तरंगा तिरका पळू दे,” एवढं सांगून मी गप्प बसते. मागच्या वेळी तो स्वतःच पुटपुटत होता, “अजून नाही, अजून नाही…” आणि तरंगा बाजूला सरकत बुडाला तसा त्याने अलगद झटका दिला. बोटाएवढा मासा. हात ओला करून त्याने तो धरला, डोळे बघितले, सोडला. पुढच्या दहा मिनिटांत कंटाळून दगड गोळा करायला निघून गेला. पाऊण तासाच्या वर त्याला थांबवायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

मासे वाढले का? तासाच्या हिशेबाने हो. शनिवारी दोरी पाण्यात असण्याचा वेळ खूप वाढला, त्याचाच तो परिणाम असावा. एकूण आकडा मोठा नाही, पण रिकाम्या हाती परतले तर कारण साधारण सांगता येतं: पाणी गढूळ होतं, ओढ नव्हती, उजेड फार झाला होता.

आता पेच पुढचा आहे. दर पाळीला चाळीस मिनिटं मागे सरकत माझी भरती अंधारात चालली आहे. आणखी दोन-तीन पंधरवड्यांत उजाडताना पाणी उतरायला लागलेलं असेल. मग दगडांवरची जागा सोडून, लहान ओहळ खाडीला मिळतात तिथे उभं राहायचा विचार आहे. ओहोटीला बारकी मासळी त्या वाटेनेच बाहेर पडते. ओढीत तळ गाठायला आत्तापेक्षा जड जिग लागतील, लीडरही थोडा जाड. दगडाला घासून तुटतोय असं दिसलं, तर गाठ न बदलता लांबी वाढवून बघणार आहे.